लोखंडाला दीडपट

अमळनेर
६ नोव्हेंबर २०२३

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. आई गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. परवा फोन केला होता, तो प्रतिमामामींनी उचलला. म्हणाल्या, "अगं, त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही आणि मेसेजही टाकता येत नाही. कागदावर लिही, ते दोन-दोनदा वाचतील." म्हणून हा कागद.

बाबांची तब्येत फार उतरली आहे. सहा वर्षं टीबीची औषधं झाली. आता नाशिकचे डॉक्टर म्हणतात, टीबी नव्हताच. फुप्फुसात दगडाची बारीक धूळ जाऊन बसली आहे, तिला सिलिकोसिस म्हणतात, आणि तिच्यावर औषध नाही. दगडाच्या खाणीत कामाला होते का, असं त्यांनी विचारलं. बाबा "नाही" म्हणाले आणि पुढे बोललेच नाहीत.

खरा प्रश्न झोपेचा आहे. आडवं केलं की श्वास कोंडतो. पाच उशा लावून टेकवलं तर तासाभरात घसरतात, आणि पाठीची हाडं गादीला घासून जखमा झाल्या आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या पाटलांच्या मळ्यावर नेलं होतं. तिथे दोन निंबांच्या मध्ये जाड कापडाची झोळी बांधलेली. बाबा तिच्यात अर्धे बसले, अर्धे निजले आणि चार तास झोपले. सलग चार तास, मामा! मी शेजारी बसून रडले.

घरी झोळी बांधायला जागा नाही. भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे, आणि मालक भिंतीत खिळासुद्धा मारू देत नाही. बाजारात झोळीचे स्टँड मिळतात ते बंगल्यांच्या बागेतले, खोलीभर लांब आणि कमरेएवढे उंच. बाबा एकदा खाटेवरून पडून हात मोडून बसलेत, त्यांना उंचीची धास्ती आहे. बसल्या बसल्या पाय फरशीला टेकले पाहिजेत. शिवाय त्याच खोलीत सकाळी माझ्या शिकवण्या असतात, तेव्हा सगळं घडी करून खाटेखाली सारता आलं पाहिजे.

आई म्हणायची, लोखंड आमच्या दामूदादाचं ऐकतं. कराल का?

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुमचं नाव निघालं की ते भिंतीकडे तोंड करतात.

तुमची,
अस्मिता


नागरवाडा, बडोदे
१७ नोव्हेंबर २०२३

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐन पाडव्याला मिळालं. मामीनं ओवाळायचं ताट हातात धरलेलं आणि मी चष्मा शोधतोय, असा आमचा पाडवा झाला.

मामीनं तुला अर्धंच सांगितलं. कान गेले ते प्रेस-शॉपच्या धडधडाटात, ती चाळीस वर्षांची कमाई. मोबाईलचं दुखणं वेगळंच आहे. वेल्डिंग करून करून बोटांची कातडी इतकी मेली आहे की ती काच मला ओळखतच नाही. मी दाबतोय, दाबतोय आणि ती आपली ढिम्म. सत्तरीत एवढा अपमान मी बायकोकडूनसुद्धा सहन केलेला नाही.

कराल का म्हणून काय विचारतेस? काल मकरपुऱ्याला वेल्डिंगवाल्या हसमुखभाईच्या शेडवर जाऊन पाइप निवडून आलोसुद्धा. "दामुभाई, तमे रिटायर थया के नहीं?" म्हणाला. ओठांवरून कळलं. तीच थट्टा तो दहा वर्षं करतोय.

आता नीट वाच. इकडे घरोघरी तान्ह्या पोरांसाठी घोडियुं असतं, तू त्यातच वाढलीस. घडीची लोखंडी घोडी, तिला स्प्रिंग, खाली कापडाची झोळी. पण ते उंच असतं म्हणून सोपं असतं. झोळी खोल लोंबली की टोकांना ओढ कमी बसते. तुला हवी बसकी घोडी. बसक्या घोडीत झोळी लोंबू दिली तर माणसाची पाठ फरशीला टेकेल, म्हणून ती ताणून बांधायची. आणि ताणली की ओढ कितीतरी पटींनी वाढते. कपडे वाळत घालायची दोरी आठव. ती सैल असली तर खिळा जन्मभर टिकतो, ताठ बांधलीस तर एका ओल्या चादरीनं उपटून हातात येतो.

तेव्हा मला मापं पाठव. खोलीची लांबी-रुंदी, खाटेखालची उंची, श्रीपतरावांच्या खांद्यांची रुंदी, बसल्यावर गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर. आणि वजन. वजन काट्यावर घालून लिही, अंदाजपंचे नको. सगळं काम वजनावर ठरतं.

त्यांना माझं नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस. सांगूच नकोस.

तुझा,
दामूमामा


अमळनेर
२७ नोव्हेंबर २०२३

ती. मामांस नमस्कार.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. हे शनिवारी नाशिकहून आले तेव्हा त्यांच्याकडून टेप लावून घेतली. (हे म्हणजे अनिश. तुम्ही त्यांना लग्नातच काय ते पाहिलंत.) खोली दहा बाय नऊ. खाटेखाली अकरा इंच मोकळे आहेत. खांदे सोळा इंच. गुडघा ते टाच अठरा.

खांद्यांचं माप घेताना बाबांनी विचारलं, "कशाला?" मी स्वेटर विणतेय म्हणाले. मला सुई धरता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण त्यांच्यात वाद घालायचं बळ नाही.

वजन अठ्ठावन्न किलो.

मामा, एक विचारते, रागावू नका. आईच्या दिवसांना तुम्ही आला नाहीत, तेव्हापासून बाबांनी तुमच्याशी अबोला धरला, हे मला माहीत आहे. पण एका माणसाची एक वेळची गैरहजेरी कोणी नऊ वर्षं धरून ठेवतं का? तुम्ही दोघं एका कारखान्यात तीस वर्षं एका डब्यातलं जेवलात. तेव्हा काही अडचण असेल तर मला सांगा, मी बाबांना समजावीन. आता फार वेळ उरलेला नाही.

तुमची,
अस्मिता


नागरवाडा, बडोदे
१४ डिसेंबर २०२३

चि. अस्मितास आशीर्वाद.

पहिली घोडी मोडली. मोडली म्हणजे वाकली. सरळ उभे खांब लावले होते. झोळी बांधून वजन घातलं तसे दोन्ही खांब एकमेकांकडे झुकले, जणू कानगोष्टी करायच्या होत्या. हसमुखभाई वजनासाठी वाळूची पोती देत होता, मी विटा घेतल्या. चार दिवस फुकट गेले. मला वाईट वाटलं नाही, उलट बऱ्याच दिवसांनी डोकं कामाला लागलं.

आता असं केलंय. दोन्ही टोकांना बसक्या, बाहेर कललेल्या दोन घोड्या. डोक्याकडची सव्वादोन फूट, पायाकडची पावणेदोन. त्यांना खालून जोडणारा एकच लांब पाइप, त्याला मी कणा म्हणतो. टोकांची सगळी ओढ कणा पोटात घेतो, म्हणून भिंत नको की छत नको. कण्याच्या मध्ये बिजागरी आहे. खीळ काढली की कणा दुमडतो, घोड्या त्याच्यावर निजतात आणि सगळं मिळून आठ इंच जाडीचं होतं. तुझ्या खाटेखाली तीन इंच उरतील, तिथे स्वेटर ठेव.

झोळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन स्प्रिंगा घातल्यात, घोडियाला असतात तशाच पण दमदार. माणूस बसला की त्या उघडतात, कापड मध्ये खोलगट होतं आणि पाठ बाकदार राहते, डोकं वर. फरशीपासून नऊ इंचांवर थांबतं.

तू अठ्ठावन्न लिहिलंस, मी सत्त्याऐंशी धरलेत. हा आमच्या शॉपचा रिवाज आहे. गिऱ्हाईक वजन नेहमी कमी सांगतं, तेव्हा जे सांगेल त्याच्या दीडपट धरायचं. त्या रिवाजामुळे चाळीस वर्षांत माझं एकही काम मोडून परत आलेलं नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं काय लिहू? पद्माच्या दिवसांना मी आलो होतो. अमळनेरच्या बसस्टँडपर्यंत आलो होतो आणि तिथूनच परत फिरलो. यात समजावण्यासारखं काही नाही. श्रीपतरावांना विचारू नकोस. कधीतरी मीच लिहीन.

माल डिसेंबरअखेर ट्रान्सपोर्टनं निघेल.

तुझा,
दामूमामा


अमळनेर
९ जानेवारी २०२४

ती. मामांस नमस्कार.

घोडी पोचली. सुंदर झाली आहे. यांनी पाच मिनिटांत उभी केली. बाबांना सुरतेच्या बाजारातून मागवली म्हणून सांगितलं.

बाबा तिच्यात निजले. बरं वाटलं त्यांना.

घाईत आहे, पुन्हा सवडीनं लिहीन. तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, त्याला काय म्हणू?

अस्मिता


नागरवाडा, बडोदे
१७ जानेवारी २०२४

चि. अस्मितास अनेक अनेक आशीर्वाद.

"बाबा तिच्यात निजले." तुझं पत्र एवढंसं, पण हे वाक्य मी मामीला तीनदा वाचून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "कळलं हो, निजले. आता तुम्ही निजा."

उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर होतं. मला ती ओरडाआरड ऐकू येत नाही, नुसती उघडी तोंडं आणि पतंग दिसतात. दरवर्षी मी खालीच बसतो. यंदा वर गेलो, उंधियुं खाल्लं आणि शेजारच्या तन्मयची फिरकीसुद्धा धरली. हसमुखभाईला फाफडा-जिलबी दिली. तो म्हणाला, "दामुभाई, आनी तो पेटंट लेवी पडे." म्हणजे याचं तर पेटंट घ्यावं लागेल. मी म्हटलं, आधी पेशंटला विचारू.

थट्टा सोड. अस्मिता, मला फार हलकं वाटतंय. खूप वर्षांनी माझ्या हातून त्यांच्यासाठी काही नीट झालं. होळीनंतर एकदा येईन म्हणतो. आत येणार नाही, दारातूनच बघेन ते झोपलेले. किती तास झोपतात? जखमा भरल्या का? स्प्रिंगा कुरकुरतात का? कुरकुरत असतील तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोड. मला त्या ऐकू येत नाहीत, म्हणून विचारतो.

वाट बघतोय.

तुझा,
दामूमामा


अमळनेर
५ फेब्रुवारी २०२४

मामा,

मागचं पत्र खोटं होतं. ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं.

बाबांना घोडीत निजवलं तेव्हा कापड खाली गेलंच नाही. फळीसारखं ताठ राहिलं. मला वाटलं, नवीन आहे, हळूहळू बसेल. बाबा "उठव" म्हणाले तरी मी "थोडं थांबा" म्हणाले, कारण ते तुम्ही केलेलं होतं आणि तुमचं काम चुकत नाही. अर्ध्या तासात त्यांचे ओठ निळे पडले. अकरा दिवस दवाखान्यात होते. त्यातले चार दिवस डॉक्टर मला फक्त "बघू" म्हणत होते.

बाबांचं वजन अडतीस किलो आहे. काट्यावर मी अडतीस वाचलं आणि तुम्हाला अठ्ठावन्न लिहिलं. ते त्यांचं दोन वर्षांपूर्वीचं. मला अडतीस हा आकडा कागदावर उमटवता आला नाही. तुम्ही सत्त्याऐंशी धरल्याचं कळवलंत तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तेव्हा वाटलं, जास्त मजबूत झाली तर काय बिघडणार आहे? ही माझी चूक आहे. तुम्ही स्पष्ट लिहिलं होतंत, काट्यावर घालून लिही.

घरी आणल्यावर बाबांनी खाटेखालची घोडी बाहेर ओढायला लावली. खुर्चीतून वाकून एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे सुरतेचं नाही. हे डावखुऱ्या माणसाचं वेल्डिंग आहे. शेवटी शेपूट डावीकडे वळतं." लगेच त्यांनी विचारलं, "वजन किती सांगितलंस?" मी सांगितलं. ते हसायला लागले आणि मग दहा मिनिटं खोकत राहिले. म्हणाले, "तू वीस वाढवलेस, त्यानं वर दीडपट धरली असणार. दोघांनी मिळून मला पैलवान केलंत."

मग त्यांनी माझ्याकडून पान्हा मागवला. दोन्ही टोकांची एकेक स्प्रिंग काढायला लावली, उरलेल्यांची साखळी दोन कड्या सोडून अडकवायला सांगितली. प्रत्येक वेळी उशी टाकून कापड किती दबतं ते स्वतः बघितलं. त्या दुपारी ते झोळीत साडेपाच तास झोपले. आता रोज झोपतात.

सोबतची चिठ्ठी त्यांच्या हातची आहे. लिहायला दोन दिवस लागले. मला अर्थ कळला नाही. विचारलं तर म्हणाले, त्यांना कळेल. कारखान्यात काय झालं होतं, मामा?

अस्मिता

(सोबतची चिठ्ठी)

दामोदरराव,
काम चोख आहे. बिजागरीपाशी फट ठेवलीत, बोट सापडणार नाही. स्प्रिंगा जड होत्या, एकेक काढली. मी आता हलका आहे.
तुम्ही प्रत्येक कामात दीडपट धरायचात. ब्लास्टिंगच्या खोलीत आम्हा प्रत्येकाला आठवड्याला एक मास्क लागायचा. तुम्ही महिन्याला एक दिलात. लोखंडाला दीडपट, माणसाला पाव. पद्माच्या दिवसांना आला नाहीत तेव्हा माझ्या मनात आलं, याला माहीत आहे.
हिशेब चुकला की बघून केला, एवढंच कळवा.
श्रीपत


नागरवाडा, बडोदे
१२ फेब्रुवारी २०२४

श्री. श्रीपतराव यांस,

बघून केला.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी तेवढंच लिहिलं. आता बाकीचं लिहितो. अस्मितानं तुम्हाला वाचून दाखवावं, म्हणजे तिलाही कळेल.

वाळूच्या फवाऱ्यानं लोखंड घासायचं ते काम २००१ साली आपल्याकडे आलं. मी फोरमन होतो, मास्कची मागणी माझ्या सहीनं जायची. त्या मास्कच्या खोक्यावर "सात दिवस" असं छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. ऑफिसनं कुठल्या खात्यात सामान कमी लागतं त्याची यादी लावायला सुरुवात केली, आणि आपलं खातं सगळ्यात वर आलं. मला ते आवडलं. मास्क चार आठवडे चालतो, झटकून वापरा, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, कारण मी बायकोचा मोठा भाऊ होतो आणि माझं काम कधी चुकत नव्हतं.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या केबिनची खिडकी त्या खोलीच्या बाजूला होती. ती मी सहा वर्षं बंद ठेवली. बडोद्याच्या उन्हाळ्यात, पंखा बिघडलेला असतानासुद्धा. म्हणजे मला माहीत होतं.

आणि तुम्हाला त्या खोलीत मीच घातलं. पद्मा म्हणाली होती, यांना जरा बऱ्या कामावर घे. तिथे भत्ता होता.

तिच्या दिवसांना मी बसमधून उतरलो तेव्हा तुम्ही स्टँडवर पाहुण्यांना घ्यायला आला होतात. खांबाला धरून खोकत होतात. तेव्हा मला अजून थोडं ऐकू यायचं. त्याच बसनं मी परत गेलो. पुढे कान पूर्ण गेले तेव्हा प्रतिमा रडली, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

मी माफी मागत नाही. मागण्यासारखी गोष्ट नाही ही.

दामोदर


अमळनेर
२ मार्च २०२४

ती. मामांस,

बाबा १९ फेब्रुवारीला गेले. तेरावा आज झाला. तुम्हाला निरोप पाठवला नाही, तो मुद्दामच पाठवला नाही. मामींना फोनवर सांगू शकले असते. सांगितलं नाही.

तुमचं पत्र १६ तारखेला आलं. तेव्हा बाबा झोळीत होते. मी वाचून दाखवलं. खिडकीपाशी माझा आवाज थांबला, त्यांनी हातानं "पुढे" अशी खूण केली. संपल्यावर "पुन्हा" म्हणाले, म्हणून पुन्हा वाचलं. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

नंतर म्हणाले, "आम्ही सहा जण होतो त्या खोलीत. तिघांचा पत्ता नाही, एक गेल्याचं कळलंय. सुभानराव बडोद्याजवळ सावली गावात भावाच्या घरी असतो. तो अजून असेल तर माझ्यानंतर ही घोडी त्याला न्यायची. दामोदररावांनी स्वतः न्यायची. वजन त्यांनी स्वतः करायचं, घरच्यांना विचारायचं नाही."

मी विचारलं, "बाबा, तुम्ही मामांना माफ केलंत का?" ते म्हणाले, "आधी नेऊ तर दे."

तीन दिवसांनी दुपारी झोळीतच गेले. मी शेजारच्या खोलीत भात लावत होते. ऑक्सिजनचं मशीन चालू होतं म्हणून मला कळलं नाही.

मामा, मी तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही. तुमचा फार राग येतो. रात्रंदिवस येतो. मी तुमच्यावर मनातल्या मनात ओरडते, आणि ओरडता ओरडता मला माझं अठ्ठावन्न आठवतं. मीही आकडा बघूनच खोटा लिहिला होता. मी प्रेमानं केलं असं स्वतःला सांगते. बाबांचे ओठ तेवढेच निळे पडले होते.

घोडी कालच ट्रान्सपोर्टला दिली. कापड धुऊन, उन्हात वाळवून दिलंय. काढलेल्या दोन स्प्रिंगा रुमालात बांधून कण्याला अडकवल्या आहेत.

अस्मिता


नागरवाडा, बडोदे
२४ मार्च २०२४

चि. अस्मितास,

काल सावलीला जाऊन आलो. घोडी बसच्या टपावर टाकली. काखेत वजनकाटा होता, बाजारातून नवीन घेतलेला.

सुभानराव आहे. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं. भिंतीला टेकून बसला होता, पुढ्यात दोन उशा घेऊन, त्यांवर डोकं ठेवून. आठ महिने तो असाच झोपतो. त्याच्या घरीही टीबीच समजतात. मी तुझ्या बाबांच्या डॉक्टरांचं नाव आणि आजाराचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

मग तुझ्या बाबांना जे लिहिलं तेच सगळं सुभानरावाला आणि त्याच्या बायकोला तोंडानं सांगितलं. मास्क, खोका, खिडकी. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा फार मोठ्यानं बोललो असेन, कारण दारात शेजारीपाजारी जमले. सुभानरावानं डोकं परत उशीवर टेकवलं. त्याची बायको बोलली, बराच वेळ बोलली. पण तिनं पदर तोंडाला लावला होता. ओठ दिसले नाहीत. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही आणि परत विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वजन करायला मी आणि त्याच्या भावानं त्याला काखेत धरून उभं केलं, मग हात सोडले. एक्केचाळीस. बायकोनं बोटांनी चार आणि पाच दाखवले. पंचेचाळीस लिहा, एवढं होतंच की, असं काहीतरी असावं. मी एक्केचाळीस लिहिले. वर काही धरलं नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या कामात वर काही धरलं नाही.

तुझ्या बाबांनी सोडलेल्या साखळीतली एक कडी घट्ट केली, बाकी त्यांचंच माप जुळलं. रुमालातल्या दोन स्प्रिंगा मी परत आणल्या आहेत, त्या कुठेही लावणार नाही.

सुभानरावाला झोळीत ठेवलं. कापड दबलं, पाठ बाकदार झाली, डोकं वर राहिलं. घोडी डगमगते का बघायला मी कण्यावर तळहात ठेवला, सवयीनं. आणि त्याला खोकला आला.

अस्मिता, मी बहिरा आहे. पण तो पाइपातून आला. स्प्रिंगेतून घोडीत, घोडीतून कण्यात, कण्यातून माझ्या हातात. एकेक उबळ वेगळी कळत होती. मेलेल्या कातडीलासुद्धा कळत होती. काम मीच केलेलं, सांधे पक्के, कुठे काही जिरलं नाही.

खोकला थांबेपर्यंत मी हात काढला नाही. मग तो झोपला. बायकोनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली.

बाकी तिघांचे पत्ते शोधतोय. हसमुखभाईकडे पाइप सांगून ठेवलेत.

दामूमामा